एमयूएनसाठी देशाचा पोझिशन पेपर कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स: विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांच्या सभा लुटुपुटूच्या भरवतात. त्यात देश मिळाला की पहिलं लेखी काम गळ्यात पडतं ते पोझिशन पेपरचं. नुसते नियम सांगून कुणाला काही उमगत नाही, म्हणून खाली बहुतेक ठिकाणी एकच अलॉटमेंट धरली आहे. देश बांगलादेश, समिती महासभेची दुसरी समिती (आर्थिक आणि वित्तीय), विषय हवामान बदलामुळे होणारी हानी आणि नुकसान, म्हणजेच लॉस अँड डॅमेज. पेपर बहुतेक परिषदांत इंग्रजीतच द्यावा लागतो. नमुने मराठीत दिले आहेत ते मुद्दा पटकन कळावा म्हणून.

पोझिशन पेपर आणि निबंध यांत फरक काय?

निबंध विषयाबद्दल असतो. पोझिशन पेपरमध्ये देश बोलतो: आम्हाला काय हवं, कशाला आमची हरकत नाही, आणि कुठल्या वाक्यावर आम्ही सही करणार नाही. यातला तिसरा भाग जवळपास सगळ्यांचा राहून जातो, आणि नेमका तोच चेअरना, म्हणजे समिती चालवणाऱ्या अध्यक्षांना, वाचायचा असतो.

तपासायची सोपी युक्ती आहे. पेपर लिहून झाला की ‘बांगलादेश’ खोडून तिथे ‘नेपाळ’ घाला आणि पुन्हा वाचा. पेपर तसाच्या तसा चालत असेल, तर तुम्ही हवामान बदलावर निबंध लिहिला आहे.

लांबी, फॉण्ट, मांडणी?

आधी आयोजकांची सूचना वाचा. ती सापडली नाही तरच पुढचं वापरा. एका विषयाला एक पान, दोन विषय असतील तर दोन पानं. टाइम्स न्यू रोमन, ११ किंवा १२ पॉइंट, सिंगल स्पेसिंग, चारही बाजूंना एक इंच समास. अशा पानावर साधारण ४५० ते ५०० शब्द बसतात. वर डावीकडे तीन ओळी: समिती, विषय, देश. शाळा-कॉलेजचं नाव आणि स्वतःचं नाव सांगितलं असेल तरच लिहा. काही परिषदा पेपर नाव झाकून तपासतात आणि नाव दिसलं की गुण कापतात. झेंडा, राजमुद्रा, रंगीत चौकटी नकोत. त्यांनी जागा जाते, गुण वाढत नाहीत.

समास अर्धा इंच करून आणि फॉण्ट ९ वर आणून शब्द कोंबणारे दरवर्षी निघतात. चेअरच्या एका नजरेत ते दिसतं.

सुरुवात कुठून करायची? बॅकग्राउंड गाईड वाचून लगेच लिहायला घेतलं तर चालेल?

चालणार नाही, कारण गाईड, म्हणजे आयोजकांनी विषयावर दिलेली माहितीपुस्तिका, सगळ्यांना तेच मिळतं. त्यातली वाक्यं फिरवून लिहिलेले तीस पेपर एकाच चेअरपुढे येतात. गाईडचा खरा उपयोग शेवटी दिलेल्या प्रश्नांसाठी असतो. समितीत चर्चा कशावर व्हावी असं चेअरना वाटतं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तुमच्या पेपरने त्यातल्या निदान दोन-तीन प्रश्नांना देशाच्या बाजूने उत्तर द्यायलाच हवं.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी गाईड आणि समितीचे अधिकार. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी देशाची भाषणं, ठरावांवरची मतं, सरकारी धोरणं. चौथ्या दिवशी पेपर लिहा. पाचव्या दिवशी काटछाट करा. रोज दीड-दोन तास पुरतात. मुदतीच्या आदल्या रात्री लिहिलेल्या पेपरची एक ठरलेली खूण असते: पार्श्वभूमी पाऊण पान आणि उपाय चार ओळी.

समितीचे अधिकार इतके का महत्त्वाचे? ते तर ठराव लिहिताना बघायचं ना?

तोवर उशीर झालेला असतो. ‘महासभेने हानी-नुकसान निधीला बांगलादेशसाठी अमुक अब्ज डॉलर देण्याचे आदेश द्यावेत’ हे वाक्य कितीतरी पेपरांत सापडतं. महासभेला तसा अधिकार नाही. हा निधी हवामान कराराच्या चौकटीतला आहे. तो उभारायचं ठरलं २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या कॉप-२७ या वार्षिक हवामान परिषदेला आणि तो कार्यान्वित करायचा निर्णय झाला २०२३ मध्ये दुबईच्या कॉप-२८ च्या पहिल्याच दिवशी. त्याला स्वतःचं २६ सदस्यांचं मंडळ आहे, १२ विकसित देशांचे आणि १४ विकसनशील देशांचे. मंडळाचं यजमानपद फिलिपिन्सकडे आहे आणि सचिवालय पहिल्या काही वर्षांसाठी जागतिक बँकेत बसतं. हे मंडळ महासभेचं हाताखालचं खातं नव्हे.

महासभा मंडळाला आवाहन करू शकते, सदस्य देशांना योगदानाचा आग्रह करू शकते, महासचिवांकडून अहवाल मागवू शकते. दुसरी समिती हवामान संरक्षणावर दरवर्षी ठराव करतेच. तुमच्या मागण्या या मापात शिवलेल्या हव्यात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘निषेध’ आणि ‘मागणी’ हे शब्द फक्त सुरक्षा परिषद वापरू शकते असं अनेक ट्रेनिंग सेशनमध्ये सांगतात. ते चूक आहे. २ मार्च २०२२ च्या युक्रेनवरच्या ठरावात महासभेने रशियाकडे सैन्य मागे घेण्याची मागणीच केली होती. फरक आहे तो बंधनाचा. निर्बंध लादणं किंवा बळाच्या वापराला परवानगी देणं हे सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेचं काम आहे. महासभेचा ठराव शिफारस असतो.

देशाची भूमिका कुठे शोधायची?

पहिली जागा म्हणजे महासभेतली सर्वसाधारण चर्चा. दर सप्टेंबरमध्ये देशाचा प्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री बोलतो. गेल्या तीन वर्षांची भाषणं घ्या आणि तुमच्या विषयावरचे परिच्छेद बाजूला काढा. दरवर्षी तेच वाक्य थोडं बदलून येत असेल तर ती भूमिका घट्ट आहे. एकदाच आलं असेल तर जपून वापरा.

मग संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी. ठरावाचा क्रमांक टाकला की मसुदा कुणी मांडला, कुणी कसं मत दिलं ते मिळतं. करारांसाठी संयुक्त राष्ट्रांचा करारसंग्रह बघा. सही करणं आणि अनुसमर्थन (रॅटिफिकेशन) करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनुसमर्थन करताना देशाने काही कलमांवर राखीव मत नोंदवलं आहे का ते तिथेच कळतं. मानवाधिकाराचा विषय असेल तर युनिव्हर्सल पिरियॉडिक रिव्ह्यू, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीचा ठरावीक काळाने होणारा आढावा, उघडा. देशाने कुठल्या शिफारशी स्वीकारल्या आणि कुठल्या फक्त ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला ठेवल्या ते वाचलं की देशाच्या लक्ष्मणरेषा जवळपास आयत्या मिळतात.

देशाची स्वतःची कागदपत्रं शेवटी वाचा, पण नीट. बांगलादेशसाठी २००९ ची हवामान बदल रणनीती आणि कृती आराखडा, २०१० चा हवामान बदल ट्रस्ट कायदा, २०१८ मध्ये मंजूर झालेला डेल्टा प्लॅन २१००, आणि २०२३ ते २०५० साठीचा राष्ट्रीय अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा) आराखडा. यातला ट्रस्ट फार कामाचा आहे. देशाने बाहेरच्या मदतीची वाट न पाहता स्वतःच्या अर्थसंकल्पातून हवामान निधी उभा केला, हा मुद्दा ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ या प्रश्नावर हुकमी पत्ता आहे.

भारतात बऱ्याच परिषदांत एक्झिक्युटिव्ह बोर्ड (चेअर आणि त्यांचे सहकारी) पुरावा म्हणून संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं, सरकारी कागदपत्रं आणि रॉयटर्स एवढंच मान्य करतं. विकिपीडिया कुणीच मान्य करत नाही. पण विकिपीडियाच्या तळटिपांमधून मूळ कागदापर्यंत जायला कुणाची ना नसते.

देश नक्की कोणत्या गटात बसतो हे कसं कळणार?

खंड बघून ठरवू नका. बांगलादेश हवामानाच्या वाटाघाटींत जी-७७ आणि चीन या विकसनशील देशांच्या मोठ्या गटात असतो, शिवाय अल्पविकसित देशांच्या म्हणजे एलडीसी गटात. २०२० ते २०२२ या काळात क्लायमेट व्हल्नरेबल फोरमचं, म्हणजे हवामान बदलाचा जास्त धोका असलेल्या देशांच्या गटाचं, अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. छोट्या बेटांच्या गटात तो नाही, पण मागण्या बऱ्याच जुळतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे हवामानाबाबत सल्लागार मत मागणाऱ्या ठरावामागे वानुआतू पुढे होता आणि बांगलादेश त्या गाभ्याच्या गटात होता. तो ठराव ७७/२७६, २९ मार्च २०२३ रोजी मतदानाशिवाय, सहमतीने मंजूर झाला. न्यायालयाने मत दिलं २३ जुलै २०२५ रोजी.

पेपरमध्ये हे सगळं ओतायचं नाही. दोन नावं घ्या: एक गट ज्याच्यासोबत तुम्ही ठराव लिहिणार, आणि एक देश किंवा गट ज्याच्याशी वाटाघाट करावी लागणार.

मतदानाचा रेकॉर्ड सापडला. आता त्याचं काय करायचं?

एकटं मत काही सांगत नाही, दोन मतं शेजारी ठेवली की सांगतात. २ मार्च २०२२ चा युक्रेनवरचा ठराव १४१ विरुद्ध ५ असा मंजूर झाला, ३५ देश तटस्थ राहिले. बांगलादेश तटस्थ होता, भारतही. त्याच महिन्यात २४ तारखेला मानवतावादी परिस्थितीवरचा ठराव आला, तेव्हा भारत पुन्हा तटस्थ राहिला पण बांगलादेशने बाजूने मत दिलं. आता देशाची रेघ कुठे आहे याचा अंदाज येतो. नागरिकांच्या हालांवर बोलायला तो तयार होता, आक्रमक कोण यावर पहिल्या ठरावाच्या भाषेत मत द्यायला नव्हता.

असं वेगळं मत दिसलं की त्या बैठकीतलं मतदानाचं स्पष्टीकरण शोधा. देश आपली अडचण तिथे स्वतःच्या शब्दांत सांगतो, आणि तुमच्या पेपरसाठी त्याहून चांगला मजकूर क्वचितच मिळतो.

पेपरमध्ये कुठे काय लिहायचं?

तीन परिच्छेदांची रूढ रचना पुरेशी आहे: समस्या देशाच्या नजरेतून, देशाने आजवर काय केलं आणि काय मानलं, आणि आता काय हवं. एका पानाला ढोबळ वाटणी ९०, १७० आणि २०० शब्द अशी ठेवा. शेवटचा भाग सर्वांत मोठा.

पहिल्या परिच्छेदात सर्वांत जास्त माती होते. हा नेहमीचा नमुना:

‘बांगलादेश हा दक्षिण आशियातील नद्यांचा देश असून ढाका ही त्याची राजधानी आहे. हवामान बदल ही आज संपूर्ण मानवजातीपुढील गंभीर समस्या आहे. याचा सर्वाधिक फटका विकसनशील देशांना बसतो.’

तीन वाक्यं, आणि चेअरला आधी माहीत नव्हतं असं एकही नाही. हेच असं लिहून बघा:

‘१९७० च्या भोला चक्रीवादळाने तीन लाखांहून अधिक बळी घेतले; २०२० च्या अम्फानमध्ये बांगलादेशातील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. निवारे, स्वयंसेवक आणि वेळेवरची सूचना यांनी माणसं वाचतात, हे बांगलादेशने दाखवलं आहे. मात्र २००९ च्या आयलाने बंधारे फोडून खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांत घुसवलेलं खारं पाणी निवाऱ्यांनी थांबत नाही. अनुकूलनाने जे वाचवता येत नाही त्याचा भार कुणी उचलायचा, हा या शिष्टमंडळापुढचा प्रश्न आहे.’

इथे आकडे सजावटीला आलेले नाहीत. देशाने आपलं काम केलं आणि तरी काही उरलं, हा युक्तिवाद ते उभा करतात. लॉस अँड डॅमेज म्हणतात ते या उरलेल्यालाच. नुसतं ‘आमच्याकडे पूर येतात’ म्हणणारा पेपर तिथवर पोचत नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ठराव आणि करारांची यादी लावू नका. प्रत्येक नावाला एक क्रियापद द्या: देशाने तो मांडला, पाठिंबा दिला, अनुसमर्थन केलं, की त्यावर हरकत घेतली? लॉस अँड डॅमेजसाठीची २०१३ ची वॉर्सा यंत्रणा, त्यासाठी तांत्रिक मदत जुळवणारं २०१९ चं सँटियागो नेटवर्क, पॅरिस कराराचं कलम ८ ही तुमच्या विषयाची हाडं आहेत. कलम ८ लिहाल तेव्हा त्यासोबतच्या निर्णयातला ५१ वा परिच्छेदही माहीत हवा. कलम ८ मुळे दायित्वाला किंवा नुकसानभरपाईला आधार मिळत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ‘श्रीमंत देशांनी भरपाई दिलीच पाहिजे, पॅरिस करार तसं सांगतो’ असं लिहिणारा प्रतिनिधी पहिल्याच पॉइंट ऑफ इन्फर्मेशनला, म्हणजे भाषणानंतर विचारलेल्या प्रश्नाला, आडवा होतो.

उपाय कितपत बारकाईने लिहायचे?

‘जनजागृती करावी, विकसित देशांनी मदत करावी’ हे उपाय धरले जात नाहीत. प्रत्येक मागणीला पाच प्रश्न विचारा. कोण करणार? कोणत्या संस्थेमार्फत? पैसा कुठून? कधीपर्यंत? हिशेब कुणाला? पाचांपैकी तीनांची उत्तरं वाक्यातच असली तर मागणी उभी राहते.

बांगलादेशची एक मागणी जवळून पाहू. निधीच्या मंडळाने २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलरची व्यवस्था ठरवली आणि त्यातला निम्मा तरी वाटा छोट्या बेट-देशांसाठी आणि एलडीसींसाठी राखला. ऐकायला बांगलादेशच्या सोयीचं वाटतं. पण महासभेने ठरवलेली बांगलादेशची एलडीसी यादीतून बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. म्हणजे ‘एलडीसींचा वाटा वाढवा’ असं लिहिणारा प्रतिनिधी आपल्याच देशाला रांगेतून बाहेर काढतो. बांगलादेशच्या हिताची भाषा वेगळी आहे: पात्रता फक्त दर्जावर न ठरवता हवामानाच्या जोखमीवर ठरवा, आणि दर्जा बदलणाऱ्या देशांना काही वर्षांची सवलत द्या. ही तारीख पुढे सरकली का, हे पेपर लिहाल त्या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या.

पेपरमध्ये ते असं उतरतं: ‘हानी-नुकसान निधीच्या मंडळाने मदत कर्जाऐवजी अनुदान म्हणून द्यावी, ठरावीक तीव्रतेची आपत्ती येताच रक्कम राष्ट्रीय अर्थसंकल्पात थेट पोचेल अशी सोय करावी, आणि एलडीसी यादीतून बाहेर पडणाऱ्या देशांची पात्रता संक्रमण काळापुरती राखावी, असं आवाहन महासभेने करावं, आणि याबाबत महासचिवांनी पुढील अधिवेशनात अहवाल सादर करावा, अशी बांगलादेशची विनंती आहे.’

एका पानात असे दोन किंवा तीन उपाय भरपूर झाले. सात उपाय एकेका ओळीत लिहिले तर एकही लक्षात राहत नाही.

लक्ष्मणरेषा पेपरमध्ये उघड लिहायची की हातचं राखायचं?

एक उघड लिहा, बाकीच्या वहीत ठेवा. बांगलादेशसाठी उघड रेषा सोपी आहे: हानी-नुकसानाचा पैसा अनुकूलनाच्या पैशातून वळवलेला नसावा, तो वेगळा आणि अतिरिक्त असावा. शब्द मात्र मवाळ हवेत. ‘आम्ही कधीही मान्य करणार नाही’ याऐवजी ‘अतिरिक्त निधीचा स्पष्ट उल्लेख नसलेल्या मजकुराला पाठिंबा देणं या शिष्टमंडळाला कठीण जाईल’ असं लिहिलं की दारही बंद होत नाही आणि निरोपही पोचतो.

कुठे सोडायला तयार आहात ते मात्र पेपरमध्ये कधीच नको. विरोधी ब्लॉकनेही, म्हणजे समोरच्या देशांच्या गटानेही, पेपर वाचलेला असू शकतो.

आकडे किती वापरावेत?

एका पानात चार-पाच, आणि प्रत्येक आकडा नेमका कशाचा आहे हे माहीत असायला हवं. दोन सापळे नेहमीचे आहेत.

बांगलादेशच्या राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यात २०५० पर्यंत सुमारे २३० अब्ज डॉलर लागतील असा अंदाज आहे. हा आकडा अनुकूलनाचा आहे. तो लॉस अँड डॅमेजच्या नावावर खपवला तर ज्याने आराखडा वाचला आहे तो पकडणारच.

दुसरा सापळा १०० अब्जांचा. २००९ मध्ये कोपनहेगनला विकसित देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं आश्वासन दिलं. ‘ते आजतागायत पाळलं नाही’ असं वाक्य सर्रास दिसतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये ११५.९ अब्ज जमले. ‘दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला मोठा भाग कर्जरूपाने’ ही टीका टिकते. ‘दिलेच नाहीत’ ही टिकत नाही. बाकूच्या कॉप-२९ मध्ये ठरलेलं २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं उद्दिष्टही मुख्यतः उत्सर्जन कपात आणि अनुकूलन यांच्या हिशेबातलं आहे. तेही हानी-नुकसान निधीच्या खात्यात दाखवू नका.

देशाच्या अडचणीच्या बाजूचं काय? तीही लिहायची?

पेपरमध्ये स्वतःहून नाही. पण उत्तर तयार नसेल तर सभागृहात पंचाईत होते. बांगलादेशला कोळशावरून विचारतीलच: रामपाल १,३२० मेगावॉट, पायरा १,३२०, मातारबारी १,२००. रामपाल तर भारताच्या एनटीपीसीसोबतचा प्रकल्प आहे आणि सुंदरबनजवळ आहे, त्यामुळे भारताचा प्रतिनिधी बहुधा गप्प बसेल, पण युरोपचे गप्प बसणार नाहीत. तुमच्याकडे असावं ते हे: २०२१ मध्ये बांगलादेशने नियोजित १० कोळसा प्रकल्प रद्द केले, आणि जागतिक उत्सर्जनात त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. दोन वाक्यांत उत्तर द्या आणि विषयावर परत या.

देशातलं सरकार बदललं असेल तर जुनी भाषणं चालतात का?

तपासून चालतात. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचं सरकार गेलं. हवामान निधी, अनुदान, जी-७७ सोबत राहणं या गोष्टी कोणत्याही सरकारच्या काळात फारशा हलत नाहीत, कारण त्या देशाच्या परिस्थितीतून येतात. पण मागच्या सरकारने नेत्याच्या नावाने काढलेल्या योजना, उदाहरणार्थ मुजीब क्लायमेट प्रॉस्पेरिटी प्लॅन, पेपरमध्ये पुढे करू नका. नियम साधा आहे: कराराने आणि कायद्याने बांधलेली भूमिका जुन्या कागदावरून घ्या, राजकीय घोषणा फक्त सध्याच्या सरकारच्या.

माझ्या देशाची या विषयावर भूमिकाच सापडत नाही.

असं बहुधा छोट्या किंवा विषयाशी वरवर संबंध नसलेल्या देशांचं होतं. समजा, सागरी कायद्याच्या समितीत समुद्रकिनाराच नसलेला देश मिळाला. मुलं हताश होतात आणि ‘आम्ही शांततेला पाठिंबा देतो’ असं लिहितात. पण १९८२ च्या समुद्र कायदा कराराचा दहावा भाग पूर्ण भूपरिवेष्टित देशांसाठीच आहे: समुद्रापर्यंत पोचण्याचा हक्क, शेजाऱ्यांच्या भूमीतून वाहतुकीची मोकळीक. अचानक तुमच्याकडे समितीतल्या सगळ्या किनारी देशांकडे मागण्यासारखं काहीतरी आलं.

तरीही हाती काही लागलं नाही तर प्रादेशिक गटाचं निवेदन, देश ज्याच्याशी व्यापाराने बांधला आहे त्याची भूमिका, आणि जवळच्या विषयांवरची मतं यांतून तर्काने भूमिका बांधा. तर्क आहे हे शब्दांतून दिसू द्या. बनावट ठराव क्रमांक टाकू नका; शोधून काढायला चेअरला अर्धं मिनिट पुरतं.

सुरक्षा परिषदेचा पेपर वेगळा असतो का?

बराच. तिथे १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचा नकार पुरेसा होतो. तटस्थ राहणं म्हणजे नकाराधिकार नव्हे. २५ मार्च २०२४ चा गाझावरचा ठराव २७२८ अमेरिका तटस्थ राहिली म्हणूनच १४ मतांनी पार पडला. त्यामुळे इथल्या पेपरमध्ये ‘आम्हाला काय हवं’ याच्याइतकंच ‘कोणत्या शब्दरचनेवर कोण नकाराधिकार टाळेल’ याला वजन असतं.

देशाचं धोरण मला अजिबात पटत नाही. काय करू?

लिहा. तुम्ही वकील आहात, समर्थक असण्याची गरज नाही. फक्त देश स्वतः जी भाषा वापरतो ती वापरा. कुठलंच सरकार ‘आम्ही दडपशाही करतो’ म्हणत नाही. ते सार्वभौमत्व, अंतर्गत बाब, स्थैर्य असे शब्द वापरतं. वंश किंवा धर्म यांच्याबद्दल अपमानास्पद मजकूर मात्र कोणत्याही देशाच्या नावाने लिहायचा नाही.

लोकसभा किंवा एआयपीपीएमला पोझिशन पेपर लागतो का?

काही ठिकाणी मागतात. (एआयपीपीएम म्हणजे ऑल इंडिया पोलिटिकल पार्टीज मीट, सर्वपक्षीय बैठकीची नक्कल.) तिथे देशाच्या जागी व्यक्ती असते, म्हणून पक्षाचा जाहीरनामा, त्या नेत्याची सभागृहातली भाषणं आणि त्याने विधेयकावर दिलेलं मत ही सामग्री. नेत्याची आणि पक्षाची भूमिका वेगळी असेल तर नेत्याची धरा.

मी मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी कच्चं असेल तर?

पेपरमध्ये इंग्रजी साधं असलं तरी चालतं, अडखळणारं चालत नाही. आधी मराठीत मुद्दे मांडा, मग एका वाक्यात एकच गोष्ट या बेताने इंग्रजीत उतरवा. वीस-बावीस शब्दांहून लांब वाक्य दिसलं की तोडा. ‘मी’ आणि ‘आम्हाला वाटतं’ वगळून देशाचं नाव किंवा ‘शिष्टमंडळ’ हा कर्ता ठेवा. संस्थांची नावं आणि ठरावांची शीर्षकं मूळ कागदावरून जशीच्या तशी घ्या, स्वतः भाषांतर करू नका.

एआयने लिहिलेला पेपर चालेल का?

बऱ्याच परिषदा आता थेट बाद करतात. बंदी नसली तरी धोका वेगळाच आहे: एआय अस्सल दिसणारे ठराव क्रमांक आणि न झालेली भाषणं बिनदिक्कत देतो. शिवाय त्याचा बांगलादेश आणि मालदीव सारखंच बोलतात. लिहून झालेल्या मसुद्यातलं व्याकरण तपासायला, किंवा ‘युरोपियन युनियनचा प्रतिनिधी यावर काय विचारेल’ असं विचारायला तो बरा.

संदर्भ कुठे द्यायचे?

आयोजकांनी तळटिपा मागितल्या असतील तर द्या; त्या बहुधा पानांच्या मर्यादेत धरत नाहीत, पण खात्री करा. नसतील मागितल्या तर ठरावाचा क्रमांक आणि वर्ष वाक्यातच लिहा. मूळ कागदांच्या पीडीएफ फोनमध्ये ठेवा आणि लागणाऱ्या पानांना खूण करा. सभागृहात ‘पुरावा दाखवा’ म्हटल्यावर नेटवर्क हमखास जातं.

पेपर पाठवण्याआधी शेवटची नजर कशावर टाकायची?

समितीचं आणि देशाचं अधिकृत नाव. कॉपी-पेस्टमुळे राहिलेलं दुसऱ्या देशाचं नाव (हे खरंच होतं, आणि हशा पिकतो). फाइलचं नाव सांगितलेल्या पद्धतीने आहे का. पीडीएफ फोनवर नीट उघडते का. मुदत रात्री ११.५९ ची असेल तर दुपारीच पाठवा. उशिरा आलेला पेपर अनेक ठिकाणी वाचतात, पण बक्षिसाच्या यादीत धरत नाहीत.

पाठवल्यावर त्या पेपरचं पुढे काय करायचं?

दोन प्रती छापून न्या. पहिल्या परिच्छेदातून जीएसएलचं (जनरल स्पीकर्स लिस्ट, म्हणजे सुरुवातीच्या भाषणांची यादी) ९० सेकंदांचं भाषण निघतं, म्हणजे संथ लयीत साधारण १८० शब्द. तिसऱ्या परिच्छेदातल्या मागण्या वेगळ्या चिठ्ठीवर काढा. पहिल्या अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे प्रतिनिधी जागेवरून उठून मोकळेपणी बोलतात त्या वेळात, जो लिहिलेला मजकूर पुढे सरकवतो त्याचीच वाक्यं वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ठरावाच्या कच्च्या मसुद्यात, जातात.